नव्या शहरातले छोटे कॅफे: शोधण्यापासून बिया घरी आणेपर्यंत

नव्या शहरात दोन-तीन दिवसांसाठी जाणारी कॉफीप्रेमी माणसे सहसा एक चूक करतात. गाजलेल्या दहा कॅफेंची यादी करतात आणि एकामागून एक उरकत सुटतात. चौथ्या कपापर्यंत जीभ थकते, सहाव्या कपाला हात थरथरायला लागतात आणि घरी परतल्यावर कुठे काय प्यायलो हे धड आठवत नाही. त्यापेक्षा तीन दिवसांत चारच कॅफे करा आणि त्यांतल्या सर्वांत आवडलेल्या कॅफेत पुन्हा एकदा जा. ही दुसरी फेरी सर्वांत मोलाची असते. पहिल्या भेटीत तुम्ही कॅफे ओळखता आणि दुसऱ्या भेटीत कॅफे तुम्हाला ओळखतो. फळीवर मागे ठेवलेली पिशवी, मेनूत न लिहिलेली कॉफी, शहरातल्या इतर चांगल्या जागांची नावे, हे सगळे बहुधा तेव्हाच पुढे येते. खालची सगळी आखणी ती दुसरी फेरी डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

निघण्याआधी: यादी कशी करायची

नकाशाच्या अॅपमध्ये नुसते ‘कॉफी’ लिहून शोधले तर साखळ्यांच्या शाखा आणि हॉटेलांच्या लॉबी वर येतात. ‘रोस्टर’, ‘पोर-ओव्हर’, ‘सिंगल ओरिजिन’ (एकाच प्रदेशातल्या बिया), ‘स्पेशालिटी कॉफी’ असे शब्द टाकून पाहा. शहराची भाषा वेगळी असेल तर ‘कॉफी भाजणारे’ याला त्या भाषेत काय म्हणतात ते भाषांतराच्या अॅपमधून घ्या आणि त्या लिपीतही शोधा. स्थानिक लोकांसाठी चालणारे, पर्यटकांच्या यादीत न आलेले कॅफे बऱ्याचदा अशाच शोधात सापडतात.

‘स्पेशालिटी’ या शब्दाचा अर्थ आधी समजून घ्यायला हवा. कच्च्या, न भाजलेल्या बियांना तज्ज्ञ १०० पैकी गुण देतात. ८० किंवा त्याहून जास्त गुण मिळाले की ती कॉफी स्पेशालिटी गणली जाते, अशी रूढ पद्धत आहे. म्हणजे हे गुण बियांचे आहेत. त्या बिया नीट भाजल्या का, ताज्या असताना वापरल्या का, यंत्र स्वच्छ होते का, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. पाटीवर तो कुणीही रंगवू शकतो.

म्हणून पाटी सोडा आणि फोटो पाहा. मालकाने टाकलेले फोटो सजवलेले असतात, गिऱ्हाइकांनी टाकलेले उपयोगाचे. त्यांत काउंटर शोधा. कपाखाली छोटा वजनकाटा दिसतो का? एकापेक्षा जास्त ग्राइंडर आहेत का? फळीवरच्या पिशव्यांवर देश, शेत किंवा सहकारी संस्थेचे नाव आणि तारीख आहे का? या तीनपैकी दोन गोष्टी दिसल्या तर तो कॅफे यादीत घ्या. काउंटरवर सिरपच्या बाटल्यांची रांग आणि मलईचे डोंगर दिसले तर ते गोड पेयांचे दुकान आहे. तिथे मजा येईल, पण कॉफीसाठी वाट वाकडी करण्यासारखी ती जागा नव्हे.

अभिप्राय वाचताना आधी ‘सर्वांत नवीन’ असा क्रम लावा. छोट्या कॅफेत एक चांगला बरिस्ता, म्हणजे कॉफी करून देणारा, सोडून गेला की सहा महिन्यांत चव बदलते, आणि तीन वर्षांपूर्वीच्या पाच ताऱ्यांना मग काही अर्थ उरत नाही. तारे मोजण्यापेक्षा शब्द पाहा. ‘खुर्च्या छान, संगीत छान’ यातून काही कळत नाही. ‘कॉफी फळांसारखी आंबटसर लागली, मला आवडली नाही’ असे कुणी लिहिले असेल तर मात्र तिथे हलकी भाजलेली कॉफी मिळते हे कळते, आणि तुम्हाला कदाचित तेच हवे असेल.

आणखी एक वाट आहे, फार कमी लोक वापरतात. त्या शहरातला एखादा चांगला रोस्टर, म्हणजे बिया भाजून विकणारा, सापडला की त्याच्या संकेतस्थळावर त्याच्या बिया कोणकोणते कॅफे वापरतात याची यादी आहे का ते पाहा. बरेच रोस्टर ती देतात. आपल्या बियांचा कपात काय अनुभव येतो याची रोस्टरला काळजी असते, त्यामुळे ही यादी कुठल्याही ‘टॉप टेन’पेक्षा भरवशाची. एका नावातून पाच-सहा नावे हाती येतात.

तीन दिवसांसाठी आठ जागा नकाशावर खुणा करून ठेवा, चारच होतील असे धरा. उरलेल्या चार बंद दारांसाठी आणि पावसासाठी. आज कुठल्या भागात फिरायचे आहे ते आधी ठरवा आणि मग त्या भागातला कॅफे निवडा. एका कपासाठी शहर आडवे ओलांडू नका. दोन कॅफेंमध्ये पंधरा-वीस मिनिटांचे चालणे असेल तर उत्तम, तेवढ्यात तोंड निवळते. साप्ताहिक सुट्टीचा वार तपासा. छोटे कॅफे रविवारी उघडे आणि सोमवारी किंवा मंगळवारी बंद असणे नेहमीचे आहे. नकाशावरच्या वेळा जुन्या असू शकतात, म्हणून कॅफेच्या समाजमाध्यमावरच्या पानावर आठवड्याभरातली एखादी नोंद आहे का तेही पाहा. सगळा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

कोणत्या वेळी जायचे

उघडल्या उघडल्या पहिल्या अर्ध्या तासात एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेली छोटी, दाट कॉफी, मागवू नका. रोज सकाळी ग्राइंडरचे दळण नव्याने जुळवावे लागते, कारण बिया एका दिवसाने जुन्या झालेल्या असतात आणि हवेतला ओलावाही बदललेला असतो. बरिस्ता एस्प्रेसोचे दोन-चार शॉट, म्हणजे छोटे घाणे, काढतो, चाखतो, ओतून देतो, दळण थोडे बारीक किंवा जाड करतो. चांगल्या ठिकाणी हे दार उघडण्याआधी उरकलेले असते, पण सगळीकडे नाही.

कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत कॉफी वाईट मिळते असे नाही. यंत्र सतत चालू असल्याने ती कधीकधी उत्तमही असते. मात्र बोलायला कुणाला वेळ नसतो. पहिल्या भेटीसाठी सकाळची गर्दी ओसरल्यानंतरची आणि जेवणाची वेळ होण्याआधीची वेळ धरा, साधारण दहा ते साडेअकरा. दुपारी जेवणाची गर्दी सरल्यावरचा एक तासही चालतो. बंद होण्याआधीचा शेवटचा अर्धा तास टाळा. तोवर यंत्राचा एखादा भाग धुऊन झालेला असतो, खाण्याच्या पदार्थांत उरलेसुरले असते आणि कामगारांना घरी जायचे असते.

दारातून काउंटरपर्यंत

आत शिरल्यावर लगेच रांगेत उभे राहू नका. एक मिनिट बाजूला थांबा. लोक आधी जागा धरतात की आधी पैसे देतात, ऑर्डर टेबलावर घेतात की काउंटरवर, पाणी आणि कप कुठून उचलायचे, हे पाहिले की कळते. रोख चालते की फक्त कार्ड, तेही काउंटरजवळच्या पाटीवर असते. टीप ठेवायची की नाही याचा रिवाज प्रत्येक देशात वेगळा आहे, तो प्रवासाला निघण्याआधीच वाचून ठेवा.

याच मिनिटात बरिस्त्याच्या हातांकडे पाहा. मेनूपेक्षा जास्त माहिती तिथे मिळते.

सुरुवात वाफेच्या नळीपासून करा. दूध तापवण्याआधी क्षणभर वाफ मोकळी सोडायची, दूध तापले की नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा एकदा वाफ सोडायची, ही पद्धत. तापवताना पहिले काही सेकंद कागद फाटल्यासारखा हलका ‘चर्र’ आवाज येतो. तेव्हा दुधात हवा शिरते. नंतर आवाज शांत होतो आणि दूध भोवऱ्यासारखे फिरत राहते. भांडे तळहाताला सोसवेनासे झाले की थांबायचे. तेव्हा दूध साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअस असते. ७० च्या पुढे गेले की उकळलेल्या दुधाचा वास येतो, गोडवा जातो आणि फेस खरखरीत होतो. नळीवर वाळलेल्या दुधाचा पांढरा थर दिसला, किंवा आधीच्या गिऱ्हाइकाचे उरलेले दूध पुन्हा तापवले जात असेल, तर तिथे दुधाची कॉफी घेऊ नका. एवढा आळस दिसला की यंत्राच्या न दिसणाऱ्या भागांची स्थितीही साधारण तशीच असते.

मग शॉट पाहा. यंत्राला अडकवायच्या दांड्याच्या चाळणीत दळलेली कॉफी वजन करून घातली जाते, डबल म्हणजे दुहेरी शॉटसाठी बहुधा १८ ग्रॅमच्या आसपास. ती सपाट करून एकसारखी दाबली जाते. बटण दाबल्यावर पाच ते आठ सेकंद काहीच येत नाही. मग गडद थेंब, आणि त्यानंतर मधाच्या धारेसारखी बारीक, सलग धार. २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅमच्या जवळपास कॉफी उतरते. हे आकडे सुरुवातीचा नेम आहेत, हलक्या भाजणीला कुणी जास्त वेळ देतो, कुणी जास्त पाणी. पण पंधरा सेकंदांत फिकट धार भसाभस येऊन कप भरला तर शॉट आंबट आणि पाणचट होणार. चाळीस सेकंद उलटून गेले तरी थेंबथेंब गळत असेल तर कडवट. अशा वेळी बरिस्ता तो शॉट ओतून देतो की तसाच दुधात ढकलतो, त्यावरून कॅफेची पारख होते. ओतून देणारा दिसला तर निश्चिंतपणे रांगेत उभे राहा.

ग्राइंडरवरच्या पारदर्शक भांड्यातल्या बियाही पाहून घ्या. तपकिरी आणि कोरड्या बिया म्हणजे हलकी किंवा मध्यम भाजणी. काळपट, तेलाने चमकणाऱ्या बिया म्हणजे गडद भाजणी. गडद भाजणी आवडणे यात काही गैर नाही, पण त्या भांड्याच्या आतल्या भिंतींवर तेलाचा चिकट थर साचला असेल तर ते तेल खवट झालेले असते आणि प्रत्येक कपात उतरते.

काय मागवायचे

पहिल्या कॅफेत पहिला कप लहान आणि बिनदुधाचा घ्या. काळी कॉफी अजिबात आवडत नसेल तर सर्वांत कमी दुधाचे पेय घ्या. मोठ्या ‘लाटे’मध्ये, म्हणजे भरपूर दुधाच्या कॉफीत, २०० मिलीलिटर दुधाखाली बियांची चव दबून जाते, मग कॅफे चांगला की वाईट हे कशावरून ठरवणार?

नावांवर फार विसंबू नका. एकाच नावाचा कप दोन कॅफेंत वेगवेगळ्या मापाचा येतो. ढोबळ मापे अशी: मॅकियाटो म्हणजे एस्प्रेसोवर चमचाभर दुधाचा फेस. कोर्टाडो १२० मिलीच्या आसपास, कॉफी आणि दूध जवळजवळ निम्मे-निम्मे. फ्लॅट व्हाइट आणि कॅपुचिनो दोन्ही १५० ते १८० मिली, फ्लॅट व्हाइटवर फेसाचा थर पातळ, कॅपुचिनोवर जाड. लाटे २४० मिली आणि पुढे. भाषेची अडचण असेल तर फळीवरच्या कपाकडे बोट दाखवा, हाच सोपा मार्ग. ‘साखर नको’, ‘दूध वेगळे द्या’ आणि तुमची अॅलर्जी ही तीन वाक्ये त्या भाषेत फोनवर लिहून ठेवा.

अॅलर्जीबद्दल थोडे सविस्तर. बदाम, हेझलनट, सोया, ओट आणि गाईचे दूध हे सगळे बहुतेक कॅफेंत त्याच वाफेच्या नळीने तापवले जाते. नळी पुसली तरी अंश राहू शकतो. आवड म्हणून ओटचे दूध घेणाऱ्याला याने फरक पडत नाही. सुक्या मेव्याची किंवा दुधाची तीव्र अॅलर्जी असलेल्याने मात्र वाफवलेले काहीच घेऊ नये, फिल्टर कॉफी घ्यावी आणि कप व चमचा स्वच्छ मागावा.

फिल्टरमध्ये दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे यंत्रात एकदम लिटर-दोन लिटर करून थर्मासमध्ये ठेवलेली, तिला बॅच ब्रू म्हणतात. ती लगेच आणि बहुधा स्वस्तात मिळते. विचारायचे फक्त एवढेच: ‘ही केव्हा केली?’ अर्ध्या तासातली असेल तर बिनधास्त घ्या, तास उलटला असेल तर सुगंध उडालेला असतो. दुसरा प्रकार पोर-ओव्हर, म्हणजे तुमच्यासाठी वेगळा कप. साधारण १५ ग्रॅम कॉफीला २५० मिली पाणी, ९० ते ९६ अंशांचे. आधी थोडे पाणी ओतून अर्धा-पाऊण मिनिट कॉफी फुलू देतात आणि उरलेले टप्प्याटप्प्याने. सगळे मिळून तीन-साडेतीन मिनिटे, त्यात तयारी धरून सात-आठ मिनिटे थांबावे लागते. गर्दीच्या वेळी एकट्या बरिस्त्याला हे मागू नका. रांग अडते आणि घाईत केलेला पोर-ओव्हर बिघडतो.

मेनूवर उपकरणाचे नाव असेल तर त्यावरून कपाचा अंदाज बांधता येतो. व्ही-६० हे नाव त्या शंकूच्या ६० अंशांच्या कोनावरून पडले आहे. त्याचे भोक मोठे आणि कागद पातळ, त्यामुळे कॉफी स्वच्छ आणि सुगंधी येते. १९४१ मध्ये तयार झालेल्या केमेक्सचा कागद जाड असतो. तो तेल जवळजवळ सगळे अडवतो, म्हणून त्यातली कॉफी आणखी हलकी, चहासारखी लागते. फ्रेंच प्रेसमध्ये कागदच नसतो, जाळी असते. तिच्यातून तेल आणि बारीक गाळ कपात येतो आणि कॉफी दाट वाटते. एअरोप्रेसमध्ये हाताने दाब देतात. त्याची कृती प्रत्येक जण आपली वेगळी करतो, म्हणून ‘तुम्ही कशी करता?’ असे विचारले की गप्पा आपोआप सुरू होतात.

फळीवरच्या बियांतून निवड करायची असेल तर प्रक्रियेचा शब्द पाहा. ‘वॉश्ड’ म्हणजे फळाचा गर धुऊन वाळवलेली बी, चव स्वच्छ, आंबटपणा ठळक. ‘नॅचरल’ म्हणजे फळासकट वाळवलेली, चव पिकलेल्या फळांची, कधी आंबवल्यासारखी. ‘हनी’ या दोन्हींच्या मधली, गराचा काही भाग ठेवून वाळवलेली. मधाचा तिच्याशी संबंध नाही. ‘गेशा’ लिहिलेली बी इतरांपेक्षा बरीच महाग दिसेल. पनामातल्या २००४ सालच्या स्पर्धेने आणि लिलावाने हा वाण जगभर गाजला. तिची खरी ओळख फुलांसारखा सुगंध, आणि तो फिल्टरमध्येच कळतो, म्हणून दूध घालून ती पिऊ नका.

घोट घेताना

एस्प्रेसोबरोबर पाणी आले तर आधी पाण्याचा घोट घ्या, तोंड स्वच्छ होते. मग कप चमच्याने नीट ढवळा. शॉटचा आधी उतरलेला भाग दाट आणि आंबट असतो, शेवटचा पातळ आणि कडवट. न ढवळता प्यायलात तर पहिला घोट वेगळा आणि शेवटचा वेगळाच. वरचा सोनेरी फेस एकटा कडूच लागतो, त्यावरून कॉफीला नावे ठेवू नका. तीन-चार घोटांत, दोन-तीन मिनिटांत संपवा. एस्प्रेसो गार झाला की तीक्ष्ण होतो.

फिल्टरचे नेमके उलटे. ती कपात येते तेव्हा इतकी गरम असते की जिभेला उष्णतेपलीकडे काही कळत नाही. शिवाय ६५ अंशांपेक्षा गरम पेये कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये केले आहे. घाई करायची काही गरज नाही. पहिला घोट चार-पाच मिनिटांनी घ्या, दुसरा आणखी तीन मिनिटांनी, आणि तळाचा एक घोट कोमट होईपर्यंत राखून ठेवा. गोडवा आणि फळांची चव मधल्या टप्प्यात खुलते. कोमट घोटात दोष लपत नाहीत. कोमट झाल्यावरही कॉफी गोड लागली तर ती जागा दुसऱ्या फेरीच्या यादीत घाला.

आंबट लागले म्हणजे बिघडले असे नाही, हे सवय नसलेल्याला पटायला वेळ लागतो. चांगला आंबटपणा आला की तोंडाला पाणी सुटते आणि मागून गोड चव येते. कच्च्या, अर्धवट उतरलेल्या कॉफीचा आंबटपणा जिभेच्या कडांना चिमटा काढतो, थोडा खारट लागतो आणि पटकन संपतो, मागे काहीच उरत नाही. तसेच कडू आणि तुरट यांतही फरक आहे. कडवटपणा ही चव आहे. तुरटपणा हा स्पर्श आहे, कच्चे केळे खाल्ल्यासारखी जीभ कोरडी, खरखरीत होते. पोर-ओव्हर तुरट लागला तर बहुधा दळण फार बारीक होते किंवा पाणी एकाच वाटेने झरझर निघून गेले.

दोन घोटांनंतर काहीतरी नक्की बिघडले आहे असे वाटले तर तेव्हाच सांगा, अर्धा कप संपवल्यावर नाही. ‘कॉफी चांगली नाही’ म्हणण्यापेक्षा ‘आज शॉट जरा जास्त आंबट आलाय, तुम्ही चाखून बघाल का?’ असे विचारा. चांगला बरिस्ता चाखतो, दळण बघतो आणि दुसरा काढून देतो. मात्र कॉफी नीट झालेली असून फक्त तुमच्या आवडीची नसेल, तर तो दोष कॅफेचा नव्हे. पुढच्या वेळी जास्त भाजलेली मागा.

कप तिथेच बसून चिनी मातीच्या कपातून प्या. कागदी कपाच्या झाकणातल्या छोट्या भोकातून सुगंध नाकापर्यंत पोहोचत नाही, आणि कॉफीची निम्मी गंमत वासात आहे.

बसण्याचे नियम

एकटे असाल तर चार जणांचे टेबल धरू नका, काउंटरसमोरची उंच खुर्ची घ्या. दिसतेही तिथूनच सगळे. लॅपटॉप चालतो का ते विचारा. काही कॅफेंत शनिवार-रविवारी किंवा ठरावीक टेबलांवर मनाई असते. बसून काम करणार असाल तर तासा-दीड तासाला काहीतरी मागवा. पंधरा-वीस खुर्च्यांच्या कॅफेत एक खुर्ची तीन तास एका कपावर अडली तर त्याचा फटका थेट मालकाला बसतो. फोनवर बोलायला बाहेर जा. सार्वजनिक वाय-फायवरून बँकेचे व्यवहार करू नका. फोटो काढताना फ्लॅश नको, आणि काम करणाऱ्या माणसाचा फोटो त्याला विचारूनच.

काय विचारायचे, आणि दुसरी फेरी

‘तुमची सर्वांत चांगली कॉफी कुठली?’ या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते. ‘आज तुम्ही स्वतः कुठली प्यायलात?’ असे विचारा. सकाळी दळण जुळवताना त्याने सगळ्या चाखलेल्या असतात आणि आज कुठली जमून आली आहे हे त्यालाच ठाऊक असते. दुसरा प्रश्न, पैसे देऊन झाल्यावर: ‘सुट्टीच्या दिवशी तुम्ही कॉफी प्यायला कुठे जाता?’ बरिस्ते एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या कॅफेत जातात. हा प्रश्न विचारल्यावर माणूस थोडा थांबतो, खरोखर विचार करतो आणि मग एखाद्या गल्लीतल्या, तुमच्या यादीत नसलेल्या जागेचे नाव सांगतो. नाव लिहून घ्या, शक्य असेल तर त्यालाच तुमच्या नकाशावर खूण करायला सांगा. तिथे जाऊन कुणी पाठवले ते जरूर सांगा.

प्रत्येक कपाची नोंद तिथेच करा: कॅफे, बीचे नाव, प्रक्रिया, भाजणीची तारीख, कशी केली, आणि चवीचे दोन शब्द. पिशवीचा एक फोटो काढला की निम्मे काम होते. संध्याकाळी आठवून लिहू म्हटले तर सगळे कप एकमेकांत मिसळतात.

दुसऱ्या फेरीसाठी शक्यतो तीच वेळ निवडा, म्हणजे तोच माणूस भेटण्याची शक्यता जास्त. ‘परवा मी अमुक प्यायलो होतो, आवडली. आज त्यापेक्षा वेगळे काय देता?’ एवढे म्हणा. बरिस्त्याला तुमच्या आवडीचा अंदाज आलेला असतो, आता तो आपल्या मनाने निवडून देईल. या वेळी दुधाची कॉफी घ्यायलाही हरकत नाही, कारण बियांची पारख झालेली आहे.

किती कप झेपतील

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन चालते, एका वेळी २०० पर्यंत. गरोदर स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा २०० आहे. डबल एस्प्रेसोत सव्वाशे मिलीग्रॅमच्या आसपास आणि १५ ग्रॅम कॉफीच्या पोर-ओव्हरमध्ये दीडशेपर्यंत कॅफीन असू शकते. कॉफीच्या अरेबिका आणि रोबस्टा या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टा असेल तर आणखी जास्त, कारण त्या बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते. म्हणजे दिवसाला दोन कॅफे, दोन कप, फार तर तिसरा लहान. दोघे असाल तर दोन वेगळ्या कॉफी मागवून अर्ध्या-अर्ध्या प्या. शरीरातले निम्मे कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी चारची कॉफी रात्री नऊलाही निम्मी शिल्लक असते. परक्या खोलीत झोप आधीच कमी लागते. डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, मागायला संकोच करू नका, मात्र त्यातही थोडे कॅफीन उरतेच. सकाळी आधी काहीतरी खाऊन निघा.

बिया घेताना आणि घरी गेल्यावर

बिया शेवटच्या दिवशी घ्या, आवडलेल्या कॅफेतूनच, २५० ग्रॅमची एक पिशवी. दळून घेऊ नका, दळलेल्या कॉफीचा सुगंध प्रवास संपण्याआधीच उडतो. पिशवीवर ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ याला महत्त्व नाही, भाजल्याची तारीख हवी. फिल्टरसाठी भाजल्यापासून पाच दिवस ते महिनाभर, एस्प्रेसोसाठी एक ते तीन-साडेतीन आठवडे हा चांगला काळ. कालच भाजलेली पिशवी मिळाली तर ती घरी पोहोचेपर्यंत बरोबर तयार होते. ताज्या भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. पिशवीवरची छोटी गोल झडप तो बाहेर सोडते आणि हवा आत येऊ देत नाही. विमानात हवेचा दाब कमी झाल्यावर पिशवी फुगते, ते साहजिक आहे. झडपेवर चिकटपट्टी लावू नका.

भाजलेल्या बिया नेण्यास बहुतेक देशांत हरकत नसते, पण काही ठिकाणी त्या जाहीर कराव्या लागतात. कच्च्या हिरव्या बियांवर मात्र वनस्पतींच्या रोगांमुळे बरेच निर्बंध असतात. दोन्हींचे नियम ज्या देशात शिरणार त्याच्या सीमाशुल्क विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

पैसे देताना त्याच बरिस्त्याकडून त्या पिशवीची कृती लिहून घ्या: किती ग्रॅम कॉफी, किती पाणी, किती अंशांचे, किती वेळात संपते आणि दळण साखरेच्या दाण्याएवढे की त्याहून बारीक. घरी पहिला कप त्याच आकड्यांवर करा. तरीही तो तिथल्यासारखा लागणार नाही, आणि दोष बहुधा पाण्याचा असतो. फार जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात कॉफी बोथट, खडूसारखी लागते. क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यात ती पोकळ आणि टोचरी लागते. कमी क्षारांच्या बाटलीबंद पाण्याने एक कप करून तुलना करा. पाण्याचा प्रश्न मिटला की मग फक्त दळण बदला, बाकी काही नाही: आंबट आणि पातळ लागली तर एक टप्पा बारीक, तुरट लागली तर एक टप्पा जाड. २५० ग्रॅममध्ये सोळा कप होतात. पहिले तीन जुळवण्यात गेले तरी तेरा उरतात.